हातातला एकच शेअर की महिन्याला पैसे देणारा कव्हर्ड कॉल फंड?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांकडून गेल्या काही वर्षांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पगाराबरोबर कंपनीकडून मिळालेले शेअर, म्हणजे आरएसयू, साठत गेलेले असतात. एवढा पैसा एकाच कंपनीत अडकला आहे याची धास्ती असते आणि लाभांश मात्र नावापुरता मिळतो. अशात कोणीतरी सांगते, की अमुक फंड वर्षाला आठ, दहा, बारा टक्के देतो आणि पैसे दर महिन्याला खात्यात जमा होतात. मग विचारणा होते, ‘शेअर विकून हा फंड घेऊ का?’ पुण्या-नाशिकचे निवृत्त वाचकही हेच विचारतात. त्यांच्याकडे आरएसयू नसतात, मुलांच्या सल्ल्याने उघडलेले अमेरिकी ब्रोकरचे खाते असते.

प्रश्न रास्त आहे, पण तो ज्या आकड्यांवर उभा असतो ते आकडे एका जातीचे नसतात. शेअरचा लाभांश कंपनीच्या नफ्यातून येतो. कव्हर्ड कॉल फंडाचे मासिक वाटप मुख्यतः तुमच्याच गुंतवणुकीची पुढची वाढ विकून येते. त्यामुळे ‘कोण जास्त देतो’ असे न विचारता ‘करानंतर माझ्याकडे एकूण किती राहते आणि मला पैसे कधी लागणार आहेत’ असे विचारा. या लेखातली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

आधी व्यवहार समजून घ्या

समजा, तुमचा फ्लॅट आहे. कोणीतरी तुम्हाला विसार देतो आणि म्हणतो, ‘महिनाभरात मला वाटले तर आज ठरलेल्या भावाने हा फ्लॅट मी घेईन. नाही घेतला तर विसार तुमचा.’ भाव वाढला तर तो घेणार आणि वरची वाढ त्याची. भाव पडला तर तो फिरकणार नाही आणि पडलेल्या भावाचा फ्लॅट तुमच्याकडेच राहील. विसाराची रक्कम मात्र दोन्ही वेळा तुमची. शेअरवर असा करार विकणे म्हणजे कव्हर्ड कॉल. त्यातल्या विसाराला प्रीमियम आणि ठरलेल्या भावाला स्ट्राइक म्हणतात. कव्हर्ड कॉल फंड हेच काम अनेक शेअरवर किंवा निर्देशांकावर सतत करतो आणि जमलेला प्रीमियम तुम्हाला वाटतो.

आकड्यांत पाहा. शेअर १०० डॉलरला आहे, स्ट्राइक १०५ आणि महिन्याचा प्रीमियम २ डॉलर.

- महिनाअखेर भाव १०३: नुसता शेअर असणाऱ्याकडे १०३, कॉल विकणाऱ्याकडे १०५.
- भाव १२०: नुसत्या शेअरवाल्याकडे १२०, कॉलवाल्याकडे १०७.
- भाव ७५: नुसत्या शेअरवाल्याकडे ७५, कॉलवाल्याकडे ७७.

तिसरी ओळ पुन्हा वाचा. पडझडीत संरक्षण किती, तर दोन डॉलरचे. ‘कव्हर्ड’ हा शब्द ऐकून अनेकांना विम्याचे कवच वाटते. तसे ते नाही.

खरा फटका पडझडीनंतर बसतो. समजा, फंड चालू भावालाच कॉल विकतो. पहिल्या महिन्यात बाजार १०० वरून ८० वर आला आणि २ डॉलर प्रीमियम मिळाला. दुसऱ्या महिन्यात फंडाने ८० च्या स्ट्राइकने कॉल विकला, अस्थिरता वाढल्यामुळे ३ डॉलर मिळाले. त्याच महिन्यात बाजार परत १०० वर गेला. शेअरवाला जिथून निघाला तिथे परत पोचला. फंडवाल्याकडे मात्र वाटपाचे ५ डॉलर आणि ८० डॉलरचे युनिट, म्हणजे ८५. पडताना तो सगळ्यांबरोबर पडला, चढताना खालीच थांबला. प्रत्यक्षात दोन महिन्यांत इतकी टोकाची हालचाल क्वचितच होते, पण दिशा हीच असते. बाजार जितका झपाट्याने सावरतो, तितका हा फंड मागे पडतो.

एका नावाखाली तीन वेगळे प्रकार

‘कव्हर्ड कॉल फंड’ म्हणून तुम्हाला जे सुचवले जाते ते नेमके कोणते, हे आधी विचारा.

पहिला प्रकार जेपी मॉर्गनच्या जेईपीआयचा. हा मे २०२० मध्ये सुरू झाला, वार्षिक खर्च ०.३५ टक्के. व्यवस्थापक तुलनेने कमी हेलकावे खाणारे मोठ्या कंपन्यांचे शेअर निवडतो आणि एस अँड पी ५०० निर्देशांकावरचे कॉल विशिष्ट रोख्यांमार्फत विकतो. त्याचा नॅस्डॅककडे झुकलेला भाऊ जेईपीक्यू २०२२ मध्ये आला.

दुसरा प्रकार ग्लोबल एक्सच्या क्यूवायएलडीचा. डिसेंबर २०१३ पासून तो नॅस्डॅक १०० मधले सगळे शेअर धरतो आणि दर महिन्याला चालू भावाच्या आसपासचे कॉल विकतो. सुरुवातीला त्याचे युनिट २५ डॉलरच्या आसपास होते. २०२४ अखेर ते १८ डॉलरच्या आसपास होते. याच काळात नॅस्डॅक १०० निर्देशांक सुमारे ३,६०० वरून सुमारे २१,००० वर गेला. फंडाने मधल्या अकरा वर्षांत भरपूर वाटप केले, हे खरे. पण ज्यांनी ते पैसे खर्च केले, त्यांच्याकडे आज मूळ रकमेपेक्षा कमी किमतीचे युनिट आहे आणि महागाई वेगळीच.

तिसरा प्रकार एकाच शेअरवर उभा असलेला. यील्डमॅक्स कंपनीचा टेस्लावरचा टीएसएलवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, एनव्हिडियावरचा एनव्हीडीवाय मे २०२३ मध्ये. यांचे वाटप दर कधी कधी पन्नास टक्क्यांच्याही वर दिसले आहेत. हे फंड तो शेअर सहसा विकतसुद्धा घेत नाहीत. सरकारी ट्रेझरी रोखे ठेवून ऑप्शनच्या, म्हणजे वर पाहिलेल्या विसारासारख्या करारांच्या, जोडणीतून शेअरसारखी चाल तयार करतात आणि त्यावर कॉल विकतात. म्हणजे कंपनीचा लाभांशही नाही आणि मताधिकारही नाही. टीएसएलवायची किंमत इतकी खाली गेली, की फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन युनिट्सचे एक करावे लागले. अशा विलीनीकरणाने तुमच्या रकमेत फरक पडत नाही, पण आलेखावरचा किमतीचा घसारा त्यामुळे नजरेआड होतो. तेव्हा जुन्या किमती पाहताना हे लक्षात ठेवा.

एका शेअरच्या जोखमीतून बाहेर पडायचे म्हणून जे फंड शोधतात, त्यांनी हा तिसरा प्रकार घेऊ नये. कंपनीची जोखीम सगळी राहते आणि वाढ तेवढी जाते. माझे हे मत ठाम आहे.

एका शेअरची जोखीम किती मोठी असते

याचे उत्तर देण्यासाठी इंटेलइतके बोलके दुसरे उदाहरण नाही. कितीतरी मराठी घरांत इंटेलचा पगार आणि इंटेलचे शेअर दोन्ही आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने तिमाही लाभांश साडेछत्तीस सेंटवरून साडेबारा सेंटवर आणला. १ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुढच्या तिमाहीपासून थांबवत असल्याचे आणि मोठ्या नोकरकपातीचे एकाच दिवशी जाहीर केले. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे २६ टक्के पडला. लाभांश गेला, भांडवल घटले आणि काहींची नोकरीही गेली, सगळे एका कंपनीच्या एका निर्णयामुळे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये डाऊ जोन्स निर्देशांकातून इंटेल बाहेर पडली आणि तिच्या जागी एनव्हिडिया आली.

एनव्हिडियाचे शेअर ज्यांनी धरून ठेवले त्यांचे आयुष्य बदलले, हेही तितकेच खरे. दहा वर्षांपूर्वी या दोन कंपन्यांतून आज कोण कुठे असेल, हे खात्रीने सांगता आले नसते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९२६ पासूनचे अमेरिकी शेअर तपासले. बाजाराने ट्रेझरी बिलांपेक्षा जी जास्तीची संपत्ती निर्माण केली, ती सुमारे ४ टक्के कंपन्यांतून आली होती. निम्म्याहून अधिक शेअरनी त्यांच्या आयुष्यभरात ट्रेझरी बिलांइतकाही परतावा दिला नाही.

यावरून दोन गोष्टी ठरवता येतात. एकाच शेअरमध्ये घराची बहुतेक संपत्ती ठेवणे धोक्याचे आहे. आणि ज्या थोड्या शेअरमुळे बाजार वर जातो, त्यांची वाढ विकून टाकणारा फंड तरुण गुंतवणूकदाराने घेणे महागात पडते.

टक्केवारी कशी वाचायची

फंडाच्या माहितीपत्रकात तीन वेगवेगळे दर असतात. विक्रेता बहुधा त्यातला सर्वांत मोठा दाखवतो.

- वाटप दर: शेवटचे वाटप घेऊन ते वर्षभर तसेच चालेल असे गृहीत धरून काढलेला दर. यात तुमचेच भांडवल परत आलेले असू शकते.
- ३० दिवसांचा एसईसी उत्पन्न दर: नियामकाने ठरवलेल्या सूत्राने काढलेला, लाभांश आणि व्याजावर आधारलेला. ऑप्शनचा प्रीमियम यात सहसा धरला जात नाही, म्हणून तो लहान दिसतो.
- एकूण परतावा: किमतीतली वाढ-घट अधिक सगळी वाटपे, पुन्हा गुंतवली असे धरून. तुलना करायची ती फक्त याच आकड्याने.

एकूण परतावा पाहिला की चित्र बरेच स्पष्ट होते आणि ते नेहमी फंडाच्या विरोधातच जाते असेही नाही. २०२२ मध्ये लाभांश धरून एस अँड पी ५०० सुमारे १८ टक्के पडला, जेईपीआय साडेतीन टक्क्यांच्या आसपास. २०२३ मध्ये निर्देशांक २६ टक्के वाढला, जेईपीआय जेमतेम १० टक्के. दोन्ही वर्षे मिळून हिशेब केला तर जेईपीआय थोडा पुढेच राहिला. मात्र त्याचे श्रेय एकट्या कॉलना देऊ नका. कमी हेलकाव्यांचे शेअर निवडल्याचाही त्यात वाटा आहे. २०२४ मध्ये निर्देशांक पुन्हा २५ टक्के वाढला आणि फंड त्याच्या निम्म्यावर राहिला. क्यूवायएलडी २०२२ मध्ये सुमारे १९ टक्के पडला आणि २०२३ मध्ये सुमारे २३ टक्के वाढला. त्याचा निर्देशांक ३२ टक्के पडून नंतर ५५ टक्के वाढला होता.

वाटपही कायम एकसारखे नसते. बाजार घाबरलेला असतो तेव्हा प्रीमियम जास्त, शांत असतो तेव्हा कमी. जेईपीआयचे मासिक वाटप २०२२ च्या अखेरीस युनिटमागे ६० सेंटच्या आसपास होते. २०२३ मध्ये काही महिने ते जवळपास निम्म्यावर आले. ज्यांनी घराचा हप्ता त्या वाटपावर बेतला होता, त्यांची ओढाताण झाली असणार. पेन्शन किंवा पोस्टाच्या मासिक योजनेसारखी ही ठरलेली रक्कम नव्हे.

घेण्यापूर्वी अर्ध्या तासात करायची तपासणी

१. ब्रोकरच्या किंवा फंडाच्या अधिकृत पानावर त्या फंडाचा एक, तीन, पाच आणि दहा वर्षांचा एकूण परतावा पाहा. त्याच निर्देशांकाच्या साध्या फंडाचा परतावा शेजारी मांडा. फंड नवा असेल तर त्याने अजून मोठी मंदी पाहिलेली नाही, हे धरून चला.

२. सुरुवातीच्या दिवसापासूनचा युनिटच्या किमतीचा आलेख काढा. बाजार वर आणि युनिट सतत खाली असेल, तर तुम्हाला मिळणाऱ्या पैशात मुद्दल मिसळलेले आहे.

३. ‘१९ए’ सूचना मागवा. वाटपाचा काही भाग नेहमीच्या उत्पन्नाखेरीज दुसऱ्या स्रोतातून येत असेल, तर तो कोणता, हे गुंतवणूकदाराला लेखी कळवणे १९४० च्या इन्व्हेस्टमेंट कंपनी कायद्याने फंडावर बंधनकारक आहे. त्या कागदावर ‘भांडवलाची परतफेड’ असा रकाना असतो. सूचनेतले आकडे अंदाजे असतात, अंतिम आकडे वर्ष संपल्यावर करपत्रकात येतात. एखाद्या महिन्यात परतफेड दिसली म्हणून घाबरू नका, करहिशेबामुळेही ती दिसते. किमतीची घसरण आणि परतफेड दोन्ही वर्षानुवर्षे एकत्र दिसली तर मात्र सावध व्हा.

४. कॉल किती भागावर आणि किती अंतरावर विकले जातात ते माहितीपत्रकात वाचा. सगळ्या गुंतवणुकीवर, चालू भावाला विकणारा फंड जास्त वाटतो आणि कमी वाढतो.

भारतात सेबीने २०१९ मध्ये म्युच्युअल फंडांना कव्हर्ड कॉलची परवानगी दिली, ती मर्यादा घालूनच. निफ्टी आणि सेन्सेक्समधल्याच शेअरवर, आणि विकलेल्या कॉलचे एकूण मूल्य योजनेतल्या शेअरच्या १५ टक्क्यांपर्यंत. अमेरिकेत अशी वेसण नाही, म्हणून वाचण्याचे काम तुमच्यावर येते.

कर: इथेच सर्वांत जास्त गोंधळ

‘आरएसयू विकले तर खूप कर बसेल’ ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. आरएसयू तुमच्या नावावर होतात त्या दिवशीच त्यांची पूर्ण किंमत पगार म्हणून करपात्र होते आणि तीच तुमची खरेदी किंमत ठरते. त्या दिवशी किंवा लगेच विकले तर नफा नसल्यातच जमा. कर त्यानंतरच्या वाढीवर लागतो. वर्षभरानंतर विकले तर ० किंवा १५ किंवा २० टक्के या दीर्घ मुदतीच्या दराने, त्याआधी विकले तर तुमच्या नेहमीच्या दराने. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांत राज्याचा कर वेगळा.

यात तीन खड्डे आहेत:

- ब्रोकरच्या १०९९-बी पत्रकात आरएसयूची खरेदी किंमत कधी शून्य छापलेली असते, कधी रिकामी. जोडपत्रातला खरा आकडा घालून दुरुस्ती केली नाही, तर एकाच पैशावर दोनदा कर भराल.
- कंपनी आरएसयूवर बहुधा २२ टक्के केंद्रीय कर कापते. तुमचा दर ३२ किंवा ३५ असेल तर फरक एप्रिलमध्ये भरावा लागतो. तो बाजूला ठेवा.
- तोट्यात शेअर विकले आणि मागच्या-पुढच्या ३० दिवसांत नवे आरएसयू नावावर झाले, तर तेवढ्या शेअरचा तोटा त्या वेळी वजा करता येत नाही.

आता फंडाकडे वळू. चांगल्या कंपनीचा लाभांश, शेअर ठरावीक दिवस धरला असेल तर, सवलतीच्या दराने करपात्र असतो. जेईपीआयसारख्या फंडाच्या वाटपाचा बहुतेक भाग मात्र साध्या उत्पन्नात मोडतो. उदाहरण करून पाहू. एक लाख डॉलर अशा फंडात आहेत, वर्षाला ८,००० मिळाले आणि तुमचा केंद्रीय दर ३२ टक्के आहे. सगळे वाटप साधे उत्पन्न धरले, तर कर २,५६० डॉलर. याउलट एक लाखाचा साधा निर्देशांक फंड आहे आणि तुमची त्यातली खरेदी ७०,००० ची. त्यातली ८,००० डॉलरची युनिट्स विकली तर नफ्याचा भाग २,४०० आणि १५ टक्के दराने कर ३६०. निर्देशांक फंडाच्या छोट्याशा लाभांशावर थोडा कर वेगळा लागेल, तरीही अंतर मोठेच राहते. उत्पन्न ठरावीक मर्यादेवर असेल, म्हणजे एकट्याचे दोन लाख आणि जोडप्याचे अडीच लाख डॉलर, तर दोन्हीकडे ३.८ टक्क्यांचा अधिभार येऊ शकतो.

आपल्याकडे मुद्दलाला हात लावणे अशुभ मानतात आणि व्याजावर जगणे हे शहाणपण. म्हणून युनिट्स विकायला मन धजत नाही आणि फंडाने दिलेले पैसे निर्धास्त वाटतात. पण फंड तुमच्यासाठी जे करतो ते अनेकदा मुद्दलातूनच असते आणि त्यावर कर जास्त बसतो. गरज असेल तेव्हा गरजेपुरती युनिट्स विकणे हा पर्याय मी आधी विचारात घ्यायला सांगेन.

कव्हर्ड कॉल फंड घ्यायचाच असेल तर तो आयआरए किंवा रॉथ आयआरए या निवृत्ती खात्यांत घ्या. तिथे दरवर्षी वाटपावर कर लागत नाही. ब्रोकरच्या साध्या खात्यात असेल तर १०९९-डिव्ह पत्रकाचा तिसरा रकाना पाहा. तिथला आकडा म्हणजे भांडवलाची परतफेड. त्यावर आज कर नाही, पण तेवढी तुमची खरेदी किंमत कमी होते आणि विकताना नफा वाढतो.

तुमच्या परिस्थितीनुसार काय करावे

*वय चाळिशीच्या आत, पगार चालू, आरएसयू साठलेले.* तुम्हाला मासिक उत्पन्नाची गरजच नाही. नवे आरएसयू नावावर होतील तसे विका आणि व्यापक निर्देशांक फंडात घाला. जुन्या, भरपूर वाढलेल्या शेअरसाठी तीन-चार वर्षांची ठरलेली योजना करा, म्हणजे कर एका वर्षात अंगावर येणार नाही. एका कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांहून अधिक नको, ही मोजपट्टी धरा. कंपनीवर फार विश्वास असेल तर ते दहा टक्के ठेवा.

*स्वतःच आपल्या शेअरवर कॉल विकावा का?* एका करारात १०० शेअर लागतात, हे सोपे वाटते. पण अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना स्वतःच्या कंपनीच्या शेअरवर ऑप्शनचे व्यवहार करायला मनाई करतात. कंपनीचे धोरण वाचल्याशिवाय हात लावू नका, नोकरीवर येऊ शकते. शिवाय भाव उसळला की जुने, स्वस्तात मिळालेले शेअर नेमके नको त्या वर्षी विकले जातात आणि करही त्याच वर्षी.

*निवृत्ती दोन-पाच वर्षांवर किंवा झालेली.* इथे कव्हर्ड कॉल फंडाला जागा आहे. पहिल्या प्रकारचा, विविध कंपन्यांचा आणि कमी खर्चाचा फंड, करमुक्त किंवा करलांबणीच्या खात्यात, शेअरमधल्या गुंतवणुकीच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत ठेवायला माझी हरकत नाही. हेलकावे कमी झाल्याने घाबरून सगळे विकण्याची वेळ येत नसेल, तर तो फायदा खरा आहे. मात्र दोन वर्षांचा घरखर्च ट्रेझरी बिलांत किंवा विमा असलेल्या बँक ठेवीत आधी ठेवा. फंड हा शेअरच्या वाट्यातून घ्या, ठेवींच्या वाट्यातून नाही.

*परत भारतात यायचे ठरले आहे.* भारतीय आयकर कायद्यात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलण्याची सोय आहे, पण ती वेळेत निवडावी लागते. साध्या खात्यातला फंड परतल्यावर त्रासदायक होतो. कारण पुढच्या परिच्छेदात.

भारतात राहून अमेरिकी फंड घेणाऱ्यांसाठी

निवृत्त आईवडिलांनी पैसे पाठवून असा फंड घ्यावा, हे मला बहुतेक वेळा पटत नाही. अमेरिकी ब्रोकर भारतीय रहिवाशाच्या वाटपातून २५ टक्के कर आधीच कापतो. तोही तुम्ही डब्ल्यू-८ बेन अर्ज भरलेला असेल तर, नाहीतर ३० टक्के. भारतात मात्र कर कापण्याआधीचे पूर्ण वाटप तुमच्या टप्प्याच्या दराने करपात्र आहे. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण ती कागदपत्रांसह मागावी लागते, आणि तुमचा भारतीय दर कमी असेल तर जादा कापलेला कर परत मिळत नाही. म्हणजे ज्यांचे उत्पन्न कमी, त्यांनाच हा फंड महाग.

त्याशिवाय:

- रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी वर्षात दहा लाख रुपयांवर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घ्या.
- विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरणे सक्तीचे आहे, उत्पन्न शून्य असले तरी. तिथे जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरतात. न भरल्यास काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे.
- अमेरिकेचा वारसा कर कोणाच्या लक्षात नसतो. अमेरिकेत वास्तव्य नसलेल्या परदेशी व्यक्तीच्या मृत्यूसमयी तिथली शेअर-फंडांची किंमत ६०,००० डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर कर लागतो, वरचा दर ४० टक्क्यांपर्यंत. भारताशी याबाबत करार नाही. करखात्याचे हस्तांतर प्रमाणपत्र मिळेपर्यंत ब्रोकर सहसा खाते मोकळे करत नाही. शेअर आणि अमेरिकेत नोंदलेला फंड, दोघांनाही हा नियम सारखाच. रक्कम या मर्यादेखाली ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय.

तुमचे हक्क आणि तक्रार

फंड घेण्यापूर्वी संपूर्ण माहितीपत्रक मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि ते फुकट मिळते. शेअर थेट असेल तर वार्षिक सभेत मत देता येते. फंडात ते मत व्यवस्थापक देतो. सल्लागाराने सुचवले असेल, तर तीन गोष्टी लेखी विचारा: हा माझ्यासाठी का, तुम्हाला यातून काय मिळते, आणि याहून स्वस्त पर्याय कोणते पाहिले. अमेरिकेत ‘रेग्युलेशन बेस्ट इंटरेस्ट’ हा नियम ३० जून २०२० पासून लागू आहे. शिफारस करताना ब्रोकरने स्वतःचे हित ग्राहकाच्या हितापुढे ठेवायचे नाही, असे तो सांगतो. सल्लागाराची नोंदणी आणि त्याच्यावरच्या जुन्या तक्रारी ब्रोकरांवर देखरेख करणाऱ्या फिनरा संस्थेच्या ‘ब्रोकरचेक’ सेवेत विनामूल्य पाहता येतात. नाव शोधायला पाच मिनिटे लागतात आणि ती पाच मिनिटे कोणीही वाचवू नयेत.

सिपिक संस्थेचे पाच लाख डॉलरपर्यंतचे संरक्षण ब्रोकर बुडाला तर मिळते, त्यात रोख रकमेची मर्यादा अडीच लाख. फंडाची किंमत पडली तर त्याचा उपयोग नाही, ‘इन्शुअर्ड’ असे सांगून कोणी विकत असेल तर तिथेच थांबा.

फसवणूक झाली असे वाटले तर आधी ब्रोकर कंपनीच्या अनुपालन विभागाला लेखी कळवा. फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ईमेलने तेच पुन्हा लिहा. समाधान झाले नाही तर बाजार नियामक एसईसीकडे किंवा फिनराकडे तक्रार नोंदवा, पैसे परत मागायचे असतील तर फिनराच्या लवादाकडे जा. घटनेपासून सहा वर्षांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. त्यासाठी शिफारशीची ईमेल, तुम्ही भरलेला जोखीम अर्ज, व्यवहाराच्या पावत्या आणि १९ए सूचना या चार गोष्टी पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.